मृदुकाय आणि संधिपाद : शेतातील दोन प्राणिसंघांची ओळख

खरीप २०२२ च्या हंगामात लातूर, बीड आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनवर शंखी गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला. कोवळी रोपे बीजपत्रांसह फस्त झाल्याने अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढे शासनाला नुकसानभरपाईचा निर्णय घ्यावा लागला. अशा प्रसंगी शेतकरी कृषी सहायकाला किंवा कृषी सेवा केंद्रात पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते औषध फवारू?’ हा. त्याच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. तो म्हणजे, हा प्राणी आहे तरी कोणत्या संघातील?

हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकी नाही. गोगलगाय मृदुकाय संघातील आहे, तर अळी, मावा, तुडतुडे, कोळी, वाणी आणि खेकडा हे संधिपाद संघातील आहेत. दोन्ही संघांतील प्राण्यांना पाठीचा कणा नसतो. परंतु शरीराची बांधणी, वाढण्याची रीत, श्वसन आणि पाण्याशी असलेले नाते या बाबतींत ते मूलतः भिन्न आहेत. म्हणूनच एका संघासाठी तयार केलेला उपाय दुसऱ्या संघावर सहसा लागू पडत नाही. प्रस्तुत लेखात या दोन संघांची ओळख करून देऊन त्या ओळखीचा शेतावर कसा उपयोग करता येईल याचे विवेचन केले आहे.

‘कीड’ आणि ‘कीटक’ यांतील भेद

बोलण्यात आपण पिकाचे नुकसान करणाऱ्या प्रत्येक लहान प्राण्याला ‘कीड’ म्हणतो. यात गैर काही नाही, कारण कीड ही शेतीतील संज्ञा आहे आणि ती नुकसानीवर आधारलेली आहे. ‘कीटक’ ही मात्र प्राणिशास्त्रातील संज्ञा असून ती शरीररचनेवर आधारलेली आहे. प्रत्येक कीड ही कीटक नसते आणि प्रत्येक कीटक ही कीड नसते. मधमाशी कीटक आहे, पण कीड नाही. शंखी गोगलगाय कीड आहे, पण कीटक नाही.

गोंधळात भर पडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्याकडील १९६८ च्या कायद्याचे नावच कीटकनाशके कायदा असे आहे आणि त्याच्या कक्षेत तणनाशके, बुरशीनाशके व उंदीरनाशकेही येतात. परिणामी कायद्याच्या आणि दुकानाच्या भाषेत ‘कीटकनाशक’ हा शब्द फार व्यापक होतो. शेतावर उपाय ठरवताना मात्र तो काटेकोर अर्थानेच घ्यावयास हवा.

संधिपाद संघ : सांधे असलेल्या पायांचे प्राणी

आर्थ्रोपोडा अर्थात संधिपाद हा प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठा संघ होय. आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक जाती या एकाच संघातील आहेत. त्यांतील केवळ कीटकांच्याच जाती दहा लाखांच्या घरात जातात. या संघाची तीन प्रमुख लक्षणे ध्यानात ठेवावीत.

पहिले लक्षण म्हणजे पायांना सांधे असणे. संघाचे नावच त्यावरून पडले आहे. दुसरे म्हणजे शरीर खंडांचे बनलेले असणे. तिसरे, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे कायटिनयुक्त बाह्यकवच. हे कवच शरीराला आधार देते, स्नायूंना जखडण्यासाठी जागा पुरवते आणि त्यावरील मेणचट थरामुळे शरीरातील पाणी आत राखते. भर उन्हात कपाशीच्या पानावर तुडतुडा टिकतो तो या कवचाच्या बळावर.

मात्र कवच एकदा कठीण झाले की ताणत नाही. म्हणून वाढीसाठी संधिपाद प्राण्याला जुने कवच टाकून आतून नवे तयार करावे लागते. यालाच आपण कात टाकणे म्हणतो. नवे कवच कठीण होईपर्यंतचा काळ त्याच्यासाठी नाजूक असतो. अळीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अवस्था आपण मोजतो, त्या या कात टाकण्यावरूनच.

शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे संधिपाद प्राणी पुढील चार गटांत मोडतात.

१. कीटक : डोके, वक्ष व उदर असे शरीराचे तीन भाग, पायांच्या तीन जोड्या आणि मिशांची एक जोडी. प्रौढावस्थेत बहुधा पंख असतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पतंग, भुंगेरे, माश्या, मुंग्या, मधमाश्या हे सारे कीटक होत.

२. अष्टपाद : पायांच्या चार जोड्या, मिशा व पंख नसतात. भातखाचरात जाळे विणणारा कोळी, विंचू, गोचीड आणि पिकांवरील सूक्ष्म कोळी या गटात येतात. मराठीत जाळे विणणाऱ्या कोळ्याला आणि पानाखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीला ‘कोळी’ हा एकच शब्द आहे. परंतु पहिला मित्र आहे आणि दुसऱ्यातील अनेक जाती पिकाचे नुकसान करतात. वांगी व भेंडीवरील लाल कोळी, नारळावरील इरिओफिड कोळी आणि नागपुरी संत्र्याच्या सालीवर लालसर डाग पाडणारा कोळी ही त्याची उदाहरणे.

३. बहुपाद : अनेक खंडांचे लांब शरीर आणि पुष्कळ पाय. वाणी, म्हणजे काही भागांत ‘पैसा’ म्हणून ओळखला जाणारा प्राणी, आणि गोम हे दोन्ही याच गटातील. वाणीच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन जोड्या असतात, ती संथ चालते व स्पर्श होताच पैशासारखी गोल गुंडाळून घेते. गोमेच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते, ती चपळ असते आणि इतर लहान प्राण्यांची शिकार करते. वाणीचे मुख्य खाद्य कुजणारा पालापाचोळा आहे. तथापि पेरणीनंतर पावसाचा खंड पडल्यास अथवा जमिनीत ओला काडीकचरा पुष्कळ असल्यास ती अंकुरणारे बियाणे आणि कोवळी रोपे कुरतडते. मराठवाडा व विदर्भातील सोयाबीन आणि कपाशीत हा अनुभव येतो.

४. कवचधारी : कठीण कवच आणि मिशांच्या दोन जोड्या. कोकणातील भातखाचराचे बांध पोखरणारा खेकडा, तसेच कोळंबी या गटात येतात.

मृदुकाय संघ : मऊ शरीराचे प्राणी

मोलुस्का अर्थात मृदुकाय हा जातींच्या संख्येने संधिपादांच्या खालोखाल गणला जाणारा संघ होय. कोकणच्या मासळी बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या, कालवे आणि माकूल हे सारे मृदुकाय आहेत. नदीतील शिंपला, विहिरीच्या काठावरील लहान गोगलगाय आणि पावसाळ्यात भिंतीवर सरकणारी शंख नसलेली गोगलगायही याच संघातील. या संघातील बहुसंख्य प्राणी पाण्यात राहतात. जमिनीवर स्थिरावलेला मोठा गट गोगलगायींचाच.

मृदुकायांचे शरीर मऊ असून त्यावर खंड नसतात. त्यांना सांधे असलेले पाय नसतात. गोगलगायीचा ‘पाय’ म्हणजे पोटाखालचा एक रुंद स्नायू होय. त्याच्या लाटेसारख्या आकुंचनाने आणि स्रवणाऱ्या चिकट श्लेष्म्यावरून ती पुढे सरकते. शरीरावरील प्रावार नावाच्या आवरणातून चुनखडीचा शंख तयार होतो. शंखाच्या तोंडाशी कडेकडेने नवा थर चढत जातो, त्यामुळे प्राणी वाढतो तसा शंखही वाढतो. गोगलगाय आयुष्यात एकदाही कात टाकत नाही.

तोंडात असंख्य सूक्ष्म दात असलेली किसणीसारखी पट्टी असते. तिला रॅड्युला म्हणतात. अळी जबड्याने पान कापते, तर गोगलगाय पान खरवडते. जमिनीवरील गोगलगाय प्रावाराच्या पोकळीचा फुप्फुसासारखा उपयोग करून श्वास घेते. कीटकांमध्ये हे काम शरीरभर पसरलेल्या श्वसननलिका करतात.

सर्वांत मोठा फरक पाण्याचा आहे. गोगलगायीच्या त्वचेवर मेणचट थर नसतो. ती ओली राहिली तरच जगते. म्हणून ती रात्री, पहाटे आणि पावसाळी ढगाळ हवेतच बाहेर पडते. दिवसा बांधाचे गवत, दगड, काडीकचऱ्याचे ढीग, ठिबकच्या नळ्या आणि आच्छादनाचा कागद यांच्या आडोशाला दडून बसते. कोरड्या ऋतूत शरीर शंखात ओढून घेऊन शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करते व महिनोन्महिने सुप्त राहते. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर ‘एका रात्रीत गोगलगायी आल्या’ असे शेतकरी सांगतात. वास्तविक त्या आलेल्या नसतात, त्या आधीपासून बांधात व जमिनीत असतात. पाऊस त्यांना जागे करतो.

आफ्रिकन शंखी गोगलगाय

आपल्याकडे सर्वाधिक नुकसान करणारी जात म्हणजे आफ्रिकन महाकाय गोगलगाय. हिला पूर्वी अकॅटिना फुलिका म्हणत, आता लिसाअकॅटिना फुलिका हे नाव वापरले जाते. तिचे मूळ स्थान पूर्व आफ्रिका. १८४७ मध्ये शंखप्राण्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातील चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेल्या, अशी नोंद आहे. तेथून रोपवाटिकांतील कुंड्या, माती, लाकूड, भाजीपाला आणि वाहने यांच्यामार्फत ती देशभर पसरली. आज ती बेंगळुरूच्या परिसरातील बागांपासून मराठवाड्यातील सोयाबीनपर्यंत आढळते. तिच्या खाद्यवनस्पतींची संख्या पाचशेच्या घरात सांगितली जाते. त्यांत पपई, केळी, भाजीपाला, शोभेची झाडे आणि तुती यांचा समावेश होतो.

ही गोगलगाय उभयलिंगी आहे. प्रत्येक प्राण्यात नर व मादी दोन्ही जननेंद्रिये असतात. त्यामुळे समागमानंतर दोन्हीही अंडी घालू शकतात. एका खेपेला साधारणपणे १०० ते ४०० अंडी भुसभुशीत, ओलसर जमिनीत काही सेंटिमीटर खोलीवर घातली जातात आणि अशा खेपा वर्षातून अनेक होतात. अंडी पिवळसर पांढरी व ज्वारीच्या दाण्याएवढी असतात. पोषक हवेत ती एक ते अडीच आठवड्यांत उबतात. गोगलगाय पाच-सहा वर्षे जगू शकते. जूनमध्ये उचललेल्या एका प्रौढ गोगलगायीचे मोल यावरून ध्यानात यावे.

शरीररचनेवरून उपाय का बदलतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अळीसाठी आणलेले औषध गोगलगायीवर का चालत नाही?

पहिले कारण कवचाचे. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डायफ्लुबेंझुरॉन ही कायटिन निर्मितीत बाधा आणणारी औषधे आहेत. ती अळीला पुढची कात नीट टाकू देत नाहीत. जो प्राणी कातच टाकत नाही, त्याच्यावर या औषधांचा खर्च व्यर्थ होय.

दुसरे कारण आतड्याचे. बीटी जिवाणूंचे विष ठराविक कीटकांच्या आतड्यातील ठराविक जागीच चिकटते. गोगलगायीच्या आतड्यात त्याला ती जागा मिळत नाही.

तिसरे कारण सवयीचे. दिवसा पानावर केलेली फवारणी दिवसा पानावर नसणाऱ्या प्राण्याला गाठत नाही. शिवाय श्लेष्म्याचे आवरण संपर्कातून येणाऱ्या अनेक द्रव्यांना अडवते.

मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या जुन्या गटांतील काही द्रव्यांचा गोगलगायींवर काही प्रमाणात परिणाम होतो, हे खरे. परंतु पिकावर सरसकट फवारल्यास ती परभक्षी कीटक, मधमाश्या आणि फवारणारा माणूस यांनाच अधिक घातक ठरतात.

चौथे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. कीटकनाशक गोगलगायीला मारत नाही, पण तिच्या शत्रूला मारते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सोयाबीनवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे बियाण्यास थायामेथोक्झामची प्रक्रिया केली होती. अशा रोपांवर शंख नसलेल्या गोगलगायी जगल्या, पण त्यांच्या शरीरात औषधाचा अंश राहिला. त्या गोगलगायी खाणारे जमिनीवरील परभक्षी भुंगेरे मात्र विषबाधित झाले. शत्रू घटल्याने गोगलगायींना मोकळे रान मिळाले. परिणामी रोपांची संख्या १९ टक्क्यांनी आणि उत्पादन ५ टक्क्यांनी कमी भरले. याचा अर्थ बीजप्रक्रिया टाकून द्यावी असा नव्हे. खोडमाशीसारख्या किडींसाठी तिचे स्थान आहेच. अर्थ एवढाच की ज्या शेतात मुख्य शत्रू मृदुकाय आहे, तेथे कीटकनाशकाचा वाढीव वापर हे उत्तर नाही.

एकाच संघातही सावधगिरी लागते. कोळी संधिपाद असला तरी कीटक नाही. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके त्याच्यावर फारशी परिणामकारक नसतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या वारंवार फवारण्यांनी कोळ्यांचे नैसर्गिक शत्रू मरून त्यांचा उद्रेक होतो, हे अनेक पिकांत दिसून आले आहे. कोळ्यासाठी शिफारस केलेले कोळीनाशक अथवा गंधकच हवे.

मित्रांच्या बाबतीतही संघ व जात पाहावी

गोगलगायीला निसर्गात शत्रू आहेत. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर लुकलुकणाऱ्या काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्या गोगलगायींवरच जगतात. जमिनीवरील काही भुंगेरे लहान गोगलगायी व अंडी खातात. भारद्वाज पक्षी शंख फोडून मोठ्या गोगलगायी खातो. बांधावरील झाडे आणि विषमुक्त कोपरे राखण्याचे हे एक कारण होय.

मात्र बाहेरून परभक्षी आणून सोडण्याच्या बाबतीत जगाचा अनुभव दोन टोकांचा आहे. आफ्रिकन गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी १९५५ मध्ये हवाईत युग्लांडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. पुढे १९७० च्या दशकात ती ताहिती व मूरिआ बेटांवरही नेण्यात आली. तिने आफ्रिकन गोगलगाय आटोक्यात आणली नाही. उलट त्या बेटांवरील स्थानिक, निरुपद्रवी गोगलगायींच्या अनेक जाती नामशेष होण्यास ती कारणीभूत ठरली.

याउलट उदाहरण बेंगळुरूचे आहे. २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळलेल्या पपईवरील पिठ्या ढेकणाने दक्षिण भारतात हाहाकार माजवला. हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या संस्थेने, जिचे नाव त्या वेळी थोडे वेगळे होते, २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफॅगस पपाये ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आणली. विलगीकरणात तपासणी करून मगच ती शेतात सोडण्यात आली आणि पिठ्या ढेकूण आटोक्यात आला.

दोन्ही प्रयत्नांतील फरक ओळखीचा आहे. गांधीलमाशी त्या विशिष्ट पिठ्या ढेकणावरच अवलंबून होती. युग्लांडिनाला मात्र कोणतीही गोगलगाय चालत होती. म्हणून कोणीही स्वतःहून परजिल्ह्यातून वा परदेशातून ‘गोगलगाय खाणारा प्राणी’ आणून सोडू नये.

शेतावर ओळख पटविण्याची रीत

दहापट मोठे दाखवणारे एक साधे भिंग आणि विजेरी एवढी सामग्री पुरेशी आहे. पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. खुणा पाहाव्यात. पानावर वा जमिनीवर वाळलेला चकाकता रुपेरी माग दिसल्यास गोगलगाय समजावी. दाणेदार विष्ठा आणि पानाला स्वच्छ कापलेली भोके दिसल्यास अळीची शक्यता अधिक. पाने फिकट ठिपकेदार होऊन पानाखाली बारीक जाळी दिसल्यास कोळी शोधावा. उगवणीपूर्वीच दाणा कुरतडलेला आढळल्यास माती उकरून वाणी पाहावी.

२. प्राणी सापडल्यावर सांधे असलेले पाय आहेत का ते पाहावे. असल्यास तो संधिपाद. पायांच्या तीन जोड्या कीटकाच्या, चार जोड्या कोळ्याच्या. खंडागणिक दोन जोड्या असल्यास वाणी, एक जोडी असल्यास गोम.

३. पाय, खंड दोन्ही नसून शरीर मऊ व चिकट असल्यास तो मृदुकाय. मग शंख आहे की नाही ते नोंदवावे.

या क्रमातही काही फसव्या जागा आहेत. पतंगवर्गीय अळीला पुढच्या बाजूच्या तीन जोड्यांखेरीज पोटाखाली मांसल आधारपाय असतात. ते मोजून तिला बहुपाद ठरवू नये. कोळ्याच्या पिल्लाला पहिल्या अवस्थेत पायांच्या तीनच जोड्या असतात, तर नारळावरील इरिओफिड कोळ्याला आयुष्यभर दोनच. माश्यांच्या अळ्यांना पाय नसतात. त्यांतील सिरफिड माशीची अळी माव्याच्या वसाहतीत लहानशा गोगलगायीसारखी सरकताना दिसते. ती माव्याचा फडशा पाडणारी मित्र अळी आहे, तिला मारू नये. २०२२ च्याच पावसाळ्यात बीडसह राज्याच्या काही भागांत चर्चेत आलेली घोणस अळी हीदेखील पाय आखूड असल्याने गोगलगायीसारखी सरकते. परंतु ती पतंगाची अळी आहे आणि तिच्या काट्यांचा दाह होतो.

गोगलगाय व वाणीचे व्यवस्थापन

पाण्याशी असलेले नाते हीच गोगलगायीची शक्ती आणि तीच तिची दुबळी बाजू. सर्व उपायांची आखणी त्यावरच करावी.

उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. त्यामुळे सुप्त गोगलगायी व अंडी वर येऊन उन्हाने व पक्ष्यांमुळे नष्ट होतात. पावसापूर्वी बांधावरील गवत, काडीकचरा व दगडांचे ढीग हलवावेत.

पहिल्या पावसानंतर लगेच, म्हणजे अंडी घालण्यापूर्वी, गोळा करण्याची मोहीम घ्यावी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे अथवा गवताचे लहान ढीग संध्याकाळी शेतात व बांधाकडेला ठेवावेत. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून माराव्यात व खोल खड्ड्यात पुराव्यात. वाणीसाठीही हीच रीत उपयोगी पडते. मीठ मात्र बादलीतच वापरावे. शेतात टाकल्यास जमीन बिघडते.

गोगलगाय उघड्या हाताने उचलू नये. उंदराच्या फुप्फुसातील एका कृमीची ती मध्यस्थ यजमान असू शकते आणि त्या कृमीमुळे माणसात मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. हातमोजे अथवा प्लॅस्टिकची पिशवी वापरावी, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना या कामाला लावू नये. पालेभाज्या नीट धुऊन घ्याव्यात.

बांधालगत सुमारे १० सेंटिमीटर रुंदीचा चुन्याचा कोरडा पट्टा अडथळा म्हणून उपयोगी पडतो. पावसाने तो भिजल्यास पुन्हा टाकावा लागतो. फळबागेत खोडाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी.

प्रादुर्भाव अधिक असल्यास मेटाल्डिहाइडच्या २.५ टक्के गोळ्यांचे आमिष वापरता येते. एकरी सुमारे २ किलो हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. तथापि वेष्टनावरील पीक व मात्रा पाहूनच निर्णय घ्यावा. हे द्रव्य गोगलगायीच्या श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशींवर आघात करते. त्यामुळे तिच्या शरीरातील पाणी बाहेर पडून ती मरते. म्हणूनच गोळ्या संध्याकाळी, बांधाच्या कडेने व रोपांच्या ओळींमध्ये विखरून टाकाव्यात. जोरदार पाऊस अपेक्षित असेल त्या दिवशी टाकू नयेत, कारण ओलाव्यात गोगलगाय सावरू शकते. गोळ्या कुत्री, जनावरे व कोंबड्यांना विषारी आहेत. ढीग करून ठेवू नयेत आणि मेलेल्या गोगलगायी उचलून पुराव्यात. पाणी व वन्यजीवांवरील धोका लक्षात घेऊन ब्रिटनने २०२२ पासून उघड्यावरील वापर बंद केला आहे, हेही स्मरणात ठेवावे.

गावपातळीवरील कृती

गोगलगाय एका शेताच्या हद्दीत राहत नाही. कालव्याचा काठ, उसाचा फड, पडीक बांध आणि गावठाणाची भिंत हे तिचे आसरे आहेत. एकट्याने स्वच्छ केलेले शेत शेजारच्या बांधावरून आठवड्याभरात पुन्हा भरते. यास्तव पहिल्या दमदार पावसानंतरच्या पंधरवड्यात संपूर्ण शिवाराने एकाच वेळी गोळा करण्याची मोहीम घेणे सर्वांत परिणामकारक ठरते. लातूर व बीदरसारख्या लागून असलेल्या जिल्ह्यांत ही मोहीम राज्याच्या सीमेवर थांबता कामा नये. बाहेरून आणलेली रोपे, शेणखत व माती शेतात नेण्यापूर्वी तपासावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या प्रादुर्भाव नोंदवहीत ‘कीड’ या रकान्यापुढे आणखी दोन रकाने आखावेत. एकात प्राणिसंघ व गट लिहावा, दुसऱ्यात कोणत्या खुणेवरून ओळख पटली ते लिहावे. हे दोन रकाने भरल्याखेरीज शिफारशीचा रकाना भरू नये. या दोन नोंदींना काही मिनिटेच लागतात. त्यामुळे निरुपयोगी फवारणीचा खर्च वाचतो, मित्रकीटक वाचतात आणि उगवणीच्या त्या आठ-दहा निर्णायक दिवसांत योग्य उपाय वेळेवर शेतात पोहोचतो.